एक हात खिशात

माझा डावा हात अजूनही आपणहून खिशात जातो. घरात बल्ब बदलायचा असो, मिक्सरचं झाकण उघडायचं असो, टोस्टरमध्ये अडकलेला पाव काढायचा असो, उजवा हात पुढे आणि डावा खिशात. बायको म्हणते, "बल्ब लावताय की फोटोला उभे राहताय?" तिला कितीदा सांगितलं की ही ऐट नाही, शिस्त आहे. एक हात विजेच्या वस्तूला आणि दुसरा पाण्याच्या नळाला किंवा लोखंडी पलंगाला लागला, तर वीज एका हातातून शिरते आणि छातीतून आरपार दुसऱ्या हातातून जाते. दुसरा हात खिशात असला तर तिला हृदयातून जायचा तो रस्ता मिळत नाही. चटका बसतो, माणूस बहुतेकदा वाचतो.

हे मला ज्यांनी शिकवलं त्यांना मी मनातल्या मनात मास्तर म्हणायचो. ते लेस्टरचे पक्के इंग्रज. मी त्यांना कुठली पदवी दिली आहे हे त्यांना बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. इंग्रजीत त्यांनाही 'यू' आणि मलाही 'यू', पण माझ्या डोक्यात त्याचं भाषांतर 'तुम्ही' असंच व्हायचं. त्यांचं खरं नाव लिहीत नाही. छापील नावाचा त्यांना संकोच होता. कंपनीच्या मासिकात एकदा फोटो आला, तर त्यांनी तो अंक वर्कशॉपच्या डगमगत्या टेबलाखाली घातला. कंपनीचं नावही लिहीत नाही, कारण पुढे एक गाऱ्हाणं आहे.

मी १९६९ च्या ऑक्टोबरात इंग्लंडला आलो. खिशात तीन पौंड, कारण त्याहून जास्त परकीय चलन मिळत नसे. बॅगेत माहीमच्या झेवियर्स टेक्निकलचा रेडिओचा डिप्लोमा आणि लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात तीन वर्षं सोल्डरिंग केल्याचा दाखला. गिरगावात आमच्या मजल्यावर दोन रेडिओ होते, एक बुश आणि एक मर्फी, आणि दोन्ही माझ्या हाताखालून गेलेले. टेलिव्हिजन मात्र मी पाहिलेला नव्हता. मुंबईत तो आला २ ऑक्टोबर १९७२ ला. म्हणजे माझ्या आईने पहिल्यांदा टीव्ही पाहिला तोवर मी हजारभर टीव्ही उघडून बंद केले होते.

लेस्टरला चाळीतला एक मित्र होजियरीच्या गिरणीत होता, म्हणून लेस्टर. दिवसा टेक्निकल कॉलेजात सिटी अँड गिल्ड्सचा कोर्स आणि संध्याकाळी बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंग. कोर्स संपताच टीव्ही भाड्याने देणाऱ्या एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये लागलो. मुलाखतीत मॅनेजरने विचारलं, "कुठले सेट माहीत आहेत?" मी म्हणालो, "बुश आणि मर्फी." खोटं नव्हतं. रेडिओ म्हणालो नाही, एवढंच.

टीव्ही भाड्याने घेणं ही गोष्ट आपल्याकडे सांगितली तर लोक हसत. भाड्याने घ्यायच्या वस्तू म्हणजे लग्नातली भांडी, सायकल, फार तर गाद्या. पण तिथे हा केवढा धंदा होता! शहरातल्या मुख्य रस्त्यावर रेडिओ रेंटल्स, डीईआर, ग्रॅनाडा, व्हिजनहायर अशी दुकानं जवळजवळ एका ओळीत, आणि प्रत्येकाच्या काचेमागे एकच चित्र दाखवणारे दहा-दहा टीव्ही. कारण सरळ होतं. रंगीत टीव्हीची किंमत अडीचशे पौंडांच्या पुढे आणि माझा पगार आठवड्याला अठरा. शिवाय ते सेट नाजूक. आत व्हॉल्व्ह, ते तापणार, जळणार. विकत घेतला तर दुरुस्तीचा भुर्दंड आपला. भाड्याने घेतला तर फोन करायचा, कंपनीचा माणूस व्हॅन घेऊन दारात. सत्तरच्या दशकात इंग्लंडमधले निम्म्याहून जास्त रंगीत टीव्ही भाड्याचे होते. लोक भाडं वस्तूचं देत नव्हते, व्हॅनचं देत होते असं मला वाटतं. बिघडलं तर कोणीतरी येईल, याचं भाडं.

बीबीसी टूवर रंग १९६७ मध्ये आला होता, पण बीबीसी वन आणि आयटीव्हीवर तो आला १५ नोव्हेंबर १९६९ ला, मी विमानातून उतरल्यावर महिन्याभराने. रंगाची लाट आणि मी असे बरोबरच आलो. १९७१ च्या जुलैपर्यंत भाड्याची मोठी रक्कम आगाऊ घ्यायचा सरकारी नियम होता. तो उठला आणि वर्कशॉपमध्ये पाय ठेवायला जागा राहिली नाही.

पहिल्या दिवशी मास्तरांनी मला एक जुना काळा-पांढरा सेट दिला. पडद्यावर आडवी पांढरी रेघ, बाकी अंधार. "काय झालंय?" मी गप्प. ते म्हणाले, "चित्र झोपलंय. त्याला उभं करणारा व्हॉल्व्ह गेला." पीसीएल ८५ नावाचा व्हॉल्व्ह काढला, दुसरा बसवला, रेघ उघडली आणि तिच्यातून एक बाई बातम्या सांगत बाहेर आली. हे सगळं त्यांनी एका हाताने केलं. मी दोन्ही हात आत घातले होते. त्यांनी माझं डावं मनगट धरलं आणि माझ्याच खिशात कोंबलं. बोलले काही नाही. नंतर चहाच्या वेळी समजावलं: इथल्या सेटची चॅसी थेट मेनला जोडलेली असते, प्लगच्या तारा उलट्या लागल्या असल्या तर अख्खा सांगाडा जिवंत. म्हणून आधी निऑनचा टेस्टर लावून बघायचं, मग हात. आणि रंगीत सेटच्या पिक्चर ट्यूबवर पंचवीस हजार व्होल्ट, सेट बंद केल्यावरही ते तिथे दबा धरून बसलेले असतात. "त्याला घाबरायचं नाही," ते म्हणाले, "पण त्याच्याशी ओळख आहे असं समजायचं नाही."

रंगीत सेटचं काम म्हणजे संसारच. ट्यूबमध्ये लाल, हिरवी, निळी अशा तीन गन, आणि तिघींची चित्रं एकमेकींवर तंतोतंत बसली पाहिजेत. नाहीतर माणसाच्या नाकाला हिरवी सावली आणि कानाला लाल. त्यासाठी डझनभर पिळे. एक फिरवला की दुसरा बिघडतो. याला कन्व्हर्जन्स म्हणायचे. मला पहिल्या सेटला तीन तास लागले, मास्तरांना वीस मिनिटं. कार्यक्रम नसतील तेव्हा पडद्यावर टेस्ट कार्ड एफ असे: मधोमध एक शाळकरी मुलगी, शेजारी चिंध्यांचा विदूषक, फळ्यावर फुली-गोळ्याचा डाव. त्यातल्या एका फुलीचा छेद म्हणजे पडद्याचा नेमका मध्यबिंदू. लेस्टरमध्ये मी ओळखत होतो त्या सगळ्या माणसांपेक्षा जास्त वेळ मी त्या मुलीच्या तोंडाकडे बघितलं असेल. तिच्या गालाचा रंग बरोबर आला की सेट बरोबर. "आधी चेहरा," मास्तर म्हणत, "मागचं गवत कसंही असो."

गिऱ्हाइकांना हे पटत नसे. आम्ही चेहरा माणसासारखा करून निघालो की घरची बाई रंगाचं बटण भर्रकन पुढे करून सगळ्यांना टोमॅटो करून टाकी. एकदा एकीने सांगितलं, "रंगाचे जादा पैसे देतोय, मी डक. मग कमी का घ्यायचा?" हे 'मी डक' म्हणजे लेस्टरची बोली, 'माझ्या बाळा'सारखं. पहिले काही महिने मला वाटे, ही माणसं मला बदक का म्हणतात?

लवकरच मी व्हॅनवर गेलो. घरोघर. ही मात्र वेगळी शाळा. काही दारं उघडत आणि तोंड बघून अर्धी मिटत. बाहेरून येणाऱ्यांविरुद्धचं खासदार एनॉक पॉवेलचं भाषण होऊन फार दिवस झाले नव्हते. एका बाईने दार बंद करून आतूनच दुकानाला फोन केला: दुसरा इंजिनिअर पाठवा, गोरा. मी व्हॅनमध्ये बसून होतो. फोन मास्तरांनी घेतला होता. परत आलो तेव्हा त्यांनी जॉबकार्डावर लिहिलेलं दाखवलं: 'गिऱ्हाइकाला टीव्ही चालू नको आहे.' चार दिवस तिचा टीव्ही बंद राहिला. पाचव्या दिवशी पुन्हा फोन आला, आणि पुन्हा मलाच पाठवलं. तिने दार उघडलं, मी सेट दुरुस्त केला, तिने चहा विचारला नाही, मी मागितला नाही. पुढे सहा वर्षं त्या घरात मीच जात होतो. चहा तिसऱ्या वर्षी आला.

१९७१ चा ऑगस्ट आठवतो. दुरुस्त झालेले सेट लगेच घरी पाठवत नसत, काही तास चालू ठेवून बघत. त्याला सोक टेस्ट म्हणायचे. त्या मंगळवारी फळ्यांवर चौदा सेट चालू होते आणि चौदाही सेटवर ओव्हलची कसोटी. आदल्या दिवशी चंद्रशेखरने ३८ धावांत सहा जणांना घेऊन इंग्लंडला १०१ वर गुंडाळलं होतं. आज १७३ चा पाठलाग संपवायचा, आणि दिवस गणेश चतुर्थीचा. घरात माझा गणपती नव्हता. पण चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातली बेला नावाची हत्तीण कोणीतरी मैदानावर आणली होती, आणि ती पडद्यावर आली तेव्हा चौदा हत्ती एकदम माझ्याकडे बघत होते. तीन रंगीत, बाकी काळे-पांढरे, एकाच्या सोंडेला हिरवी कड. मी नकळत हात जोडले. मास्तरांनी ते पाहिलं आणि कन्व्हर्जन्स सुधारायच्या निमित्ताने तो कड आलेला सेट ओढून घेतला. अबिद अलीने चौकार मारला तेव्हा वर्कशॉपमधले बाकीचे तिघे जेवायच्या सुट्टीला निघून गेले होते. मास्तर राहिले. म्हणाले, "तुमचा कॅप्टन कुठे दिसत नाही?" वाडेकर धावबाद होऊन आत झोपले होते हे आम्हाला नंतर वर्तमानपत्रात कळलं. मास्तरांना ते फार आवडलं. पुढे कुठलाही अवघड सेट ठीक झाला की ते म्हणत, "आता वाडेकरला उठवा."

आणि मग १९७२. ईदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत युगांडा सोडायला सांगितलं. लेस्टरच्या नगरपालिकेने तिकडच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की बाबांनो, आमच्याकडे येऊ नका, जागा नाही. लोक आलेच. जाहिरातीमुळे ज्यांना लेस्टर माहीत नव्हतं त्यांनाही ते माहीत झालं असं गमतीने म्हणत. बेलग्रेव्हच्या बाजूला एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबं, बहुतेक गुजराथी. वर्कशॉपमध्ये गुजराथी समजणारा मी एकटा. भुलेश्वरच्या दुकानदारांनी शिकवलेलं माझं गुजराथी कंपनीच्या फार कामाला आलं, आणि त्याचा जादा पेनी मला कोणी दिला नाही.

या लोकांना भाड्याने सेट द्यायचा कसा? कंपनीला हवा बँकेचा दाखला, मालकाचं पत्र, मागच्या पत्त्याचं बिल. मागचा पत्ता कंपाला! तेव्हा उपाय होता स्लॉट मीटरचा. सेटच्या मागे नाणी टाकायची पेटी; दहा पेन्स टाका, ठरावीक वेळ बघा, नाणं संपलं की चित्र गुडूप, मग सिनेमाच्या ऐन शेवटी घरभर नाण्यासाठी धावाधाव. महिन्याने आमचा माणूस पेटी उघडायचा, घरच्यांसमोर टेबलावर नाण्यांच्या चळती लावायचा, भाडं वजा करून उरलेले पैसे त्यांना परत द्यायचा. परत आलेल्या त्या पैशांवर कित्येक घरांत मुलांचे बूट आले. मी दुभाषा म्हणून पेटीवाल्याबरोबर जात असे आणि हळूहळू काही घरांच्या किल्ल्या माझ्याकडेच आल्या.

एका घरात सात नाणी वेगळी निघाली. युगांडाचे शिलिंग. आकार साधारण दहा पेन्सचा, पेटीला फरक कळला नव्हता. नियम असा की खोटी नाणी, वॉशर, काहीही निघालं तर तक्रार लिहायची आणि सेट उचलून आणायचा. घरात त्या वेळी फक्त म्हातारी बा होती. मी शक्य तितक्या हळू आवाजात म्हणालो, "बा, आ तो खोटा छे." तिने नाणी ओढून घेतली, पदराने एकेक पुसलं आणि परत मांडलं. "खोटा नथी, भाई. अमारा देशना छे."

मला काही सुचेना. मी पेटी बंद केली, हिशेब पूर्ण दाखवला, शिलिंग खिशात घातले. सत्तर पेन्स माझ्या पदरचे घालायचे असं ठरवून वर्कशॉपला आलो. पण रजिस्टर मास्तरांकडे होतं. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी आपल्या तंबाखूच्या डबीतून सात नाणी काढून गल्ल्यात टाकली आणि शिलिंग त्या डबीत ठेवले. मी म्हणालो, "मी देतो." ते म्हणाले, "तू अजून कोट घेतलेला नाहीस." नोव्हेंबर होता. खरंच घेतला नव्हता.

त्याच घरात पुढे एक गंमत झाली. बांनी दिवाळीला खोली आवरली आणि सेट या भिंतीवरून त्या भिंतीकडे नेला. पडद्याच्या कोपऱ्यात जांभळे डाग आले. रंगीत ट्यूबला पृथ्वीच्या चुंबकत्वाचीसुद्धा बाधा होते, सेटची दिशा बदलली की रंग चळतात. त्यावर उपाय म्हणजे तारेचं एक मोठं कडं, त्यात वीज सोडायची, पडद्यासमोर गोल गोल फिरवायचं आणि फिरवत फिरवत मागे सरकायचं. मी ते करू लागलो तर बांनी डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. डाग गेले. मी कितीही सांगितलं तरी त्या घरात मी टीव्ही ओवाळणाराच राहिलो. रविवारी सकाळी बर्मिंगहॅमहून 'नई जिंदगी नया जीवन' लागे. बा म्हणाल्या, इंग्रज माणसं छान दिसतात, पण आपली माणसं इतकी काळवंडलेली का? मी बटण फिरवून बघितलं. रंग नव्हे, उजेड वाढवावा लागला. मास्तरांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ टेस्ट कार्डाकडे बघत राहिले. "एकच मुलगी ठेवली त्यांनी," एवढंच म्हणाले.

आता देवळाली. मास्तरांच्या तोंडी एक शब्द सारखा असे: डुलॅली. सेट मधूनच उड्या मारू लागला की "हा डुलॅली झालाय". मला वाटलं, असेल काही लॅटिन. एकदा विचारलं. ते म्हणाले, "तुमच्याकडचं गाव आहे ना? देओलाली. मुंबईच्या वर." मी हातातलं सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं. माझी आत्या नाशिकरोडला. तिचे यजमान नोटांच्या छापखान्यात. देवळाली तिथून हाकेच्या अंतरावर. इंग्रजी सैनिक मायदेशी जायच्या बोटीची वाट बघत देवळालीच्या कॅम्पात महिनोन् महिने पडून राहत, वाट बघून त्यांची डोकी फिरत, त्यावरून हा शब्द. पुरता शब्द 'डुलॅली टॅप'. टॅप म्हणजे आपला ताप. म्हणजे मी इतके दिवस रोज माझ्या आत्याच्या गावाचा ताप ऐकत होतो!

बाकीची हकीकत १९७४ च्या जानेवारीत कळली. कोळशाच्या टंचाईपायी सरकारने तीन दिवसांचा आठवडा लावला होता. धंद्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज, टीव्हीसुद्धा रात्री साडेदहाला बंद. बिनविजेच्या दिवसांत आम्ही कोट घालून, रॉकेलच्या दिव्यापाशी ट्यूनरचे काटे पुसत बसायचो. नेमकी त्याच महिन्यात बीबीसीवर 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही मालिका सुरू झाली, देवळालीच्या कॅम्पातली, गाणारे-नाचणारे सैनिक. सगळं लेस्टर हसत होतं. मास्तर हसले नाहीत. "तिथे कोणी गात नव्हतं," ते म्हणाले, "सगळे वाट बघत होते." ते रॉयल सिग्नल्समध्ये वायरलेस मेकॅनिक होते, ब्रह्मदेशातून आले ते १९४६ मध्ये पाच महिने देवळालीत अडकले. रोज सकाळी बराकीत एक चहावाला किटली घेऊन यायचा. पैसे पगाराच्या दिवशी. प्रत्येक मगाला तो दारावर खडूने एक रेघ ओढायचा. एके रात्री दोन वाजता हुकूम आला: उठा, गाडी उभी आहे, बोट लागली आहे. सकाळी चहावाला आला असेल तेव्हा बराक रिकामी.

"दारावर माझ्या सव्वीस रेघा होत्या," मास्तर म्हणाले. "मग एक आण्याला. किती होतात?"

"एक रुपया दहा आणे."

त्यांनी मान हलवली आणि ट्यूनर पुसायला घेतला.

आता ते गाऱ्हाणं. १९७८ साली सुपरवायझरची जागा निघाली. वर्कशॉपमध्ये मास्तरांच्या खालोखाल मी. ज्याला मी स्वतः कन्व्हर्जन्स शिकवलं होतं अशा पोराला ती मिळाली. मॅनेजर म्हणाला, काम तुझं उत्तमच आहे, पण माणसं सांभाळायची म्हणजे... आणि त्याने वाक्य पुरं केलं नाही. मास्तर त्या खोलीत होते. ज्यांनी एका बाईचा टीव्ही माझ्यासाठी चार दिवस बंद ठेवला, ते तिथे जमिनीकडे बघत उभे राहिले. मी घरी येऊन बायकोला म्हणालो, उद्यापासून जात नाही. गेलो. घराचे हप्ते होते. पण वर्षभर मी त्यांच्याशी कामापुरतं बोललो, आणि त्यांनीही ते वर्षभर सोसलं. ऋण लिहायला बसलो म्हणून हे गाळावं असं मला वाटत नाही.

दरम्यान धंद्याचीच हवा पालटत होती. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, जपानी सेट आले, ते बिघडेचनात. बिघडत नाही ती वस्तू भाड्याने कोण घेईल? व्हिडिओ आला म्हणून कंपन्या आणखी काही वर्षं तगल्या. बेलग्रेव्ह रोडवर घरटी व्हीसीआर, शनिवारी हिंदी सिनेमाला एकेका खोलीत वीस माणसं. पुढे रेडिओ रेंटल्स आणि ग्रॅनाडासारख्या बड्यांनीही २००० साली भाड्याचा धंदा एकत्र करून पाहिला, तोवर मी त्यातून कधीच बाहेर पडलो होतो. माझं स्वतःचं दुरुस्तीचं दुकान झालं, त्याच बेलग्रेव्हमध्ये. पहिलं गिऱ्हाईक त्या बांचा नातू.

मास्तर १९८३ च्या जूनअखेर निवृत्त झाले, कपिलच्या संघाने लॉर्ड्सवर विश्वचषक उचलला त्याच आठवड्यात. कंपनीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. मी रेशमी मफलर घेऊन घरी गेलो आणि तयार करून नेलेलं इंग्रजी बोलायला लागलो: तुमचे उपकार वगैरे. त्यांनी मध्येच थांबवलं. "त्या दिवशी मॅनेजरच्या खोलीत," ते म्हणाले, "माझे दोन्ही हात खिशात होते." पाच वर्षांनी. मी काय बोलणार? मग ते आत गेले आणि तंबाखूची डबी आणून माझ्या हातात ठेवली. आत निऑनचा टेस्टर आणि सात शिलिंग. मी मफलर पुढे केला. "मला नको. कधी तिकडे गेलास तर सव्वीस आणे देऊन ये."

मफलर शेवटी त्यांच्या बायकोने घेतला. दोन वर्षांनी मास्तर गेले तेव्हा तो तिच्या गळ्यात होता.

१९८६ च्या डिसेंबरात मी आत्याकडे गेलो असताना एक दिवस देवळालीला निघालो. बायकोला सांगितलं, जरा भटकून येतो. कॅम्पात कुठल्या बराकी, कुठलं दार, हे चाळीस वर्षांनी कोणाला विचारणार? लष्कराच्या एका फाटकापाशी पहारेकऱ्याने हटकलं, काय काम आहे? चहाचे पैसे द्यायचेत असं म्हटलं असतं तर त्याने मलाच डुलॅली ठरवलं असतं. मी म्हणालो, काही नाही, रस्ता चुकलो. तसाच चालत स्टेशनावर आलो. फलाटावर एक पोरगा किटली घेऊन फिरत होता, वीस-बावीसचा. चहा घेतला. गरम, आल्याचा, अतिगोड. त्याला विचारलं, "तुमच्या घरात आधीपासून चहाचाच धंदा का रे?" तो म्हणाला, "नाय साहेब, बाप हमाल होता."

मी पन्नासची नोट काढली. मनात होतं, उरलेले ठेव म्हणायचं. पण त्याने नोटेकडे पाहून तोंड वाकडं केलं. "सकाळची वेळ आहे काका. बारा आण्याच्या चहाला पन्नासची नोट? सुट्टे द्या."

"राहू दे, ठेव सगळे."

"फुकटचे कशाला? राहिले तर राहिले. परत याल तेव्हा द्या." आणि त्याने माझ्या हातातला रिकामा ग्लास घेतला.

पॅसेंजर हलली. नोटा छापणाऱ्या गावापासून एका स्टेशनावर माझ्याजवळ बारा आणे सुट्टे नव्हते. मी धावत दारापाशी चढलो. एक हात दांडीला, आणि दुसरा अजून खिशात चाचपडत होता.